एकरूपता हवी, पण कोणाच्या हिताची?

इंटरनेट आणि इलेक्ट्रॉनिक दळणवळण यांविषयीचे कायदे शेजारी राष्ट्रांनी परस्परांशी जुळवून घ्यावेत, असे म्हटले की आपल्याकडे सार्वभौमत्वाची ढाल पुढे केली जाते. ही ढाल नेमके कोणाचे रक्षण करते, हे एकदा तपासले पाहिजे.

वस्तुस्थिती अशी की, दक्षिण आशियात एकरूपता पूर्वीपासूनच आहे. ती दडपशाहीची आहे. सार्वजनिक सुरक्षिततेच्या नावाखाली संदेश अडविण्याचा अधिकार इंग्रज सरकारने १८८५ च्या तार कायद्याने स्वतःकडे घेतला. भारत, पाकिस्तान आणि पुढे बांगलादेश या तिघांनीही तो वारसा जतन केला. भारताने २०२३ मध्ये नवा दूरसंचार कायदा केला, तरी त्यातही हा अधिकार सुखरूप आहे. भारतातील माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ६६ अ हे कलम, बांगलादेशातील २००६ च्या कायद्याचे ५७ वे कलम, पाकिस्तानचा २०१६ चा इलेक्ट्रॉनिक गुन्हेविषयक कायदा, या सर्वांचे शब्द वेगळे असले तरी हत्यार एकच. २०१२ मध्ये पालघरच्या दोन तरुणींना फेसबुकवरील साध्या मजकुरापायी अटक झाली, हे महाराष्ट्राने विसरू नये. ६६ अ सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्दबातल ठरविले; बांगलादेशात मात्र ५७ व्या कलमाची जागा २०१८ साली दुसऱ्या कठोर कायद्याने घेतली. नागरिकांची तोंडे बंद करण्याच्या विद्येत या सरकारांना कोणत्याही शिखर परिषदेची गरज भासली नाही.

मक्तेदार कंपन्यांसमोर मात्र हीच सरकारे एकेकटी आणि दुबळी ठरतात. परदेशी कंपन्यांच्या ऑनलाइन जाहिरात उत्पन्नावर भारताने २०१६ मध्ये ६ टक्के आकारणी सुरू केली व २०२० मध्ये २ टक्क्यांची आणखी एक आकारणी ई-व्यापारावर बसविली. ही दुसरी आकारणी भेदभावाची असल्याचा निर्वाळा अमेरिकेने २०२१ मध्ये दिला. एप्रिल २०२५ पर्यंत दोन्ही आकारण्या संपुष्टात आल्या. नेपाळने सप्टेंबर २०२५ मध्ये नोंदणी न करणारी २६ समाजमाध्यमे बंद केली. शिक्षा कंपन्यांना द्यायची होती, ती भोगावी लागली जनतेला. भ्रष्टाचाराविरुद्ध धुमसणारा असंतोष भडकला, गोळीबारात तरुणांचे बळी गेले आणि सरकार कोसळले.

याउलट युरोपकडे पाहा. सुमारे पन्नास लाख लोकवस्तीच्या आयर्लंडने २०२३ मध्ये मेटा कंपनीला १२० कोटी युरोंचा दंड ठोठावला. आयरिश नियामकाच्या मूळ प्रस्तावात हा दंड नव्हताच; समान कायद्याने बांधलेल्या इतर राष्ट्रांच्या नियामकांनी तो करावयास लावला. त्याच युरोपीय संघाने २०१७ मध्ये सदस्य देशांतील मोबाइल प्रवाशांवरचा जादा रोमिंग आकार रद्द केला. कंपनीला एका देशातून पळून दुसऱ्या देशाच्या सैल कायद्याखाली आसरा घेता येतो. ही पळवाट एकत्रित बाजारपेठच बुजवू शकते, हे साधे अर्थशास्त्र आहे.

वैर असताना हे कसे घडावे, असा आक्षेप घेतला जाईल. सार्कची शिखर परिषद २०१४ नंतर भरलेली नाही, हे खरे. पण नेपाळ, भूतान, श्रीलंका यांच्याशी बोलणी सुरू करण्यास पाकिस्तानची वाट पाहण्याचे कारण काय? शिवाय संयुक्त राष्ट्रांच्या १९९६ च्या आदर्श कायद्याच्या आधारे भारताने २००० मध्ये आणि श्रीलंकेने २००६ मध्ये इलेक्ट्रॉनिक व्यवहारांचे कायदे केलेच ना? व्यापाऱ्याच्या करारासाठी कायदे जुळतात, मग नागरिकाच्या हक्कांसाठी का जुळू नयेत?

अर्थात, सरकारांवर विसंबून राहिल्यास एकरूपता पोलिसांच्या सोयीचीच होईल. म्हणून आपली मागणी स्पष्ट हवी: व्यक्तिगत माहितीचे संरक्षण, इंटरनेट बंदीपूर्वी न्यायालयाची अनुमती आणि कंपन्यांवर समान कर. हे किमान हक्क सर्व देशांत सारखे असावेत; त्याहून अधिक देण्यास प्रत्येक देश मोकळा असावा. डॉ. लोहियांनी भारत-पाक महासंघाचा विचार मांडला तेव्हा अनेकांनी त्याला स्वप्नरंजन म्हटले. कंपन्यांनी स्वतःपुरत्या सीमा केव्हाच पुसल्या आहेत. त्या जनतेपुरत्याच शिल्लक राहाव्यात काय, याचे उत्तर कार्यकर्त्यांनी सभांतून आणि संसदेतून मागितले पाहिजे.