समिती पांगली, सीमा राहिली

१८१२ च्या युद्धानंतर अमेरिकेत राष्ट्रभावनेला भरते आले. फेडरलिस्ट पक्ष क्षीण झाला, १८२० मध्ये मन्रो जवळपास एकमताने पुन्हा अध्यक्ष झाले; आणि १८२४ मध्ये त्यांच्याच पक्षाचे चौघे परस्परांविरुद्ध उभे ठाकले! कोल्हापूरकरांना याचे नवल वाटू नये. १९५७ च्या निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीच्या झेंड्याखाली समाजवादी, साम्यवादी, शेकाप, जनसंघ असे सारे एकवटले होते. १ मे १९६० रोजी राज्य मिळाले आणि घटक पक्ष आपापल्या वाटांनी पांगले. दोष एकाच पक्षाचा नव्हे. कागलपलीकडची निपाणी आणि बेळगाव मात्र म्हैसूर राज्यातच राहिले. सीमावासीयांचे गाऱ्हाणे महाराष्ट्र शासनाने सर्वोच्च न्यायालयात नेण्यास २००४ साल उजाडले.