पिळदार दंडांचा हिशेब

आमच्या मळमड्डीतील वडीलधारी मंडळी सांगतात की त्यांच्या वेळी शरीर कमवायचे म्हणजे तालमीत, कन्नडात म्हणतात तसे 'गरडीमने'त, जोर-बैठका मारायच्या. आता जिम आल्या. त्यात वाईट काही नाही, मीही जातो. परंतु तिथे झटपट दंड फुगवणाऱ्या गोळ्या-इंजेक्शनांची जी कुजबूज चालते, तिच्याविषयी लिहिणे भाग आहे.

ही औषधे म्हणजे अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड्स, टेस्टोस्टेरॉन या पुरुषी संप्रेरकाची कृत्रिम भावंडे. (दम्यावर डॉक्टर देतात ती स्टेरॉइड्स निराळी, त्यांना उगाच भिऊ नये.) मित्रांचा युक्तिवाद ठरलेला : "आम्हांला कुठे ऑलिंपिकला जायचे आहे? आमची तपासणी कोण करणार?"

मला भीती वाटते ती नेमकी याचीच. २०११ साली आपल्याच राज्यातील धावपटू अश्विनी अक्कुंजी तपासणीत सापडल्या व पुढे त्यांच्यावर दोन वर्षांची बंदी आली. प्रशिक्षकाने दिलेल्या जिनसेंगमधून ते द्रव्य आले, असे त्यांचे म्हणणे होते. २०१६ साली, ऐन रिओ ऑलिंपिकच्या वेळी, महाराष्ट्र केसरी नरसिंग यादव यांना मेथॅन्डिएनोनपायी चार वर्षांची बंदी झाली. कुणीतरी घातपात केला हा त्यांचा दावा क्रीडा लवादाने मानला नाही. खरेखोटे काही असो, शरीरात काय गेले ते तपासणीने वेळीच उघड तरी केले. गल्लीतल्या पोराला ते कोण सांगणार?

आणि आत काय चालते पाहा. तोंडाने घ्यायच्या बहुतेक गोळ्या यकृतात लवकर मोडू नयेत अशाच घडवलेल्या असतात. मार बसतो तो यकृतालाच, कावीळही होते. हृदय हाही स्नायूच, तोही जाड होतो. पण जाड हृदय म्हणजे बळकट हृदय नव्हे. चांगले कोलेस्टेरॉल घसरते, वाईट वाढते, रक्तदाब चढतो, रक्त दाट होते. आरशात यातले काहीच दिसत नाही, दिसतो तो दंड! पुरुषत्वासाठी सुई टोचणाऱ्यांची तर मोठीच फसगत. बाहेरून संप्रेरक मिळू लागले की शरीर स्वतःचे बनवणे सोडते. वृषण आकसतात, शुक्राणू घटतात, छाती बाईसारखी वाढू लागते. वाढत्या वयातल्या मुलाची हाडे अवेळी जुळून उंची खुंटते. मुलींचा आवाज घोगरा झाला तर तो बहुधा तसाच राहतो.

जो घेतो आहे त्याला हसण्यात किंवा धाक घालण्यात अर्थ नाही, तो अधिकच लपवील. औषध सोडल्यावर शरीराचे स्वतःचे संप्रेरक पूर्ववत व्हायला महिनेही लागतात. त्या काळात मरगळ येते, मन खचते, आणि पोरगा पुन्हा सुईकडे वळतो. अशा वेळी डॉक्टरांना औषधाचे खरे नाव सांगून यकृत, चरबी, रक्तदाब तपासून घ्यावा.

आपल्या महाविद्यालयाच्या व्यायामशाळेत दर सहामाहीस एखाद्या डॉक्टरांना बोलवावे. त्यांनी मराठीत व कन्नडात मोकळेपणी बोलावे, मुलांचे प्रश्न घ्यावेत, आणि तेवढा वेळ प्राध्यापकांनी कृपा करून बाहेर थांबावे.