केशवरावांचे काकासाहेब

मराठी रंगभूमीची थोरवी सांगताना आपण प्रथम गायकनटांची नावे घेतो, आणि ते योग्यच आहे. बालगंधर्व, केशवराव भोसले, मास्टर दीनानाथ यांच्या सुरांची पुण्याई अजून सरलेली नाही. परंतु नाटक केवळ नायकावर उभे राहत नाही. त्यात कपटी कारभारी लागतो, हताश बाप लागतो, आणि वय विसरलेला म्हाताराही लागतो. ही माणसे उभी करणाऱ्यांना आज आपण चरित्रनट म्हणतो. त्यांच्या वाट्यास फुलांचे हार कमी येतात. पण प्रेक्षक घरी जातो तो पुष्कळदा त्यांचाच चेहरा मनात घेऊन. अशा एका नटाविषयी आज लिहावयाचे आहे. ते म्हणजे नटवर्य केशवराव दाते.

केशवरावांचा जन्म २८ सप्टेंबर १८८९ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील आडिवरे येथे झाला. विशीच्या आतच ते महाराष्ट्र नाटक मंडळीत दाखल झाले आणि त्या काळच्या रिवाजाप्रमाणे आरंभी स्त्रीभूमिका करू लागले. ही मंडळी गद्य नाटकांची. गाण्याचा आधार नाही, टाळीसाठी तान नाही. जे काही मिळवायचे ते शब्दाच्या उच्चारावर आणि मुद्रेवर. ध्वनिवर्धक नसलेल्या त्या काळात नटाला आपला आवाज शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसापर्यंत पोहोचवावा लागे, आणि तरीही तो माणूस ओरडतो आहे असे वाटू द्यावयाचे नसे. केशवरावांनी हे शिक्षण पुरती पंचवीस वर्षे घेतले, असे म्हणावयास हरकत नाही.

१९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा पहिला मराठी बोलपट आला आणि नाटक मंडळ्यांच्या पायाखालची वाळू सरकू लागली. १९३३ मध्ये नाट्यमन्वंतर या संस्थेने ‘आंधळ्यांची शाळा’ हे नाटक रंगभूमीवर आणून तिला नव्या वळणावर नेण्याचा यत्न केला. नॉर्वेचे नाटककार ब्यर्न्सन यांच्या कृतीवरून श्री. वि. वर्तकांनी ते रचले होते. त्यात स्त्रियांच्या भूमिका स्त्रियांनी केल्या आणि बोलणे घरातल्यासारखे ठेवले. या धडपडीत केशवरावही होते. पण काळाचा ओघ बोलपटाकडे होता. पुढच्याच वर्षी प्रभातच्या ‘अमृतमंथन’मध्ये मराठी प्रेक्षकांनी त्यांना राजगुरूच्या भूमिकेत पाहिले. हिंदी आवृत्तीत तीच भूमिका चंद्रमोहन यांनी केली.

असेच स्थित्यंतर अमेरिकेतही त्याच सुमारास घडत होते. १९२७ नंतर हॉलिवुडला बोलणारे नट हवे झाले आणि चित्रसंस्थांनी न्यूयॉर्कच्या रंगभूमीकडे धाव घेतली. जॉर्ज आर्लिस हा इंग्रज नट १९११ पासून ‘डिझरायली’ नाटकातील मुख्य भूमिका गाजवीत आला होता. तीच भूमिका त्याने १९२९ च्या बोलपटात केली आणि अकादमीचे पारितोषिक मिळविले. तेव्हा त्याची साठी उलटलेली होती. मात्र साऱ्यांनाच हे साधले नाही. रंगमंचावर जी मुद्रा दूरवर दिसावी म्हणून ठळक करावी लागते, तीच कॅमेऱ्यासमोर हास्यास्पद होते. मोठे करावयास शिकलेल्या नटाला आता लहान करावयास शिकायचे होते. केशवरावांनी ते कसे साधले, याचा पुरावा १९३७ च्या ‘कुंकू’ चित्रपटात आहे.

ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवरून व्ही. शांताराम यांनी हा चित्रपट केला. पोरकी नीरा मामाच्या घरी वाढते. मामा तिला फसवून काकासाहेब नावाच्या वृद्ध, विधुर वकिलाच्या गळ्यात बांधतो. काकासाहेबांना मोठी झालेली मुले आहेत. नीरा हे लग्न मानीत नाही. ती त्यांना पती म्हणून स्वीकारावयास ठाम नकार देते. शांता आपटे यांनी ही तेजस्वी नीरा साकारली. काकासाहेब झाले होते केशवराव.

या म्हाताऱ्याचे मूळ आपल्या रंगभूमीवर अडतीस वर्षे आधीच रुजलेले होते. देवलांचे ‘संगीत शारदा’ १८९९ चे. त्यातील भुजंगनाथ लग्नाला उतावीळ झालेला थेरडा आहे, आणि प्रेक्षकाने त्याला मनसोक्त हसावे अशीच त्याची योजना आहे. त्या हसण्याने मोठे समाजकार्य केले. मात्र हसताना आपण त्या माणसापासून दूर उभे असतो. ‘तो तसा आहे, आपण नव्हे,’ अशी एक सुखकर खात्री त्या हास्यात दडलेली असते. केशवरावांनी ही खात्रीच काढून घेतली. त्यांचे काकासाहेब विदूषक नाहीत आणि राक्षसही नाहीत. ते चारचौघांत मान असलेले, घर चालविणारे, कायदा जाणणारे गृहस्थ आहेत. आपले चुकले हे त्यांना हळूहळू कळत जाते. आरशापुढे वय झाकण्याची त्यांची खटपट चालते तेव्हा आपण हसू लागतो, आणि हसू मध्येच थांबते. हे भूमिका करताना केशवराव स्वतः अठ्ठेचाळिशीच्या आसपास होते. म्हणजे आज माझे आहे त्याहून लहान.

मी हा चित्रपट प्रथम पाहिला तो बडोद्यास एम. ए. करीत असताना. तेव्हा मी नीरेच्या वयाचा होतो आणि सर्वस्वी तिच्या बाजूचा. काकासाहेबांकडे माझे लक्षच गेले नाही; अडथळ्याकडे कोण लक्ष देतो? गेल्या महिन्यात, एका रविवारी रात्री, कोसाडच्या घरी पत्नी आणि कन्या यांच्यासह तो पुन्हा पाहिला. या चित्रपटात पार्श्वसंगीत नाही. दारे, पावले, घड्याळ यांचे जे आवाज होतील तेवढेच. त्या शांततेत मधूनच आमच्या रुळांवरून जाणाऱ्या गाडीचा खडखडाट मिसळत होता.

शेवटी काकासाहेब नीरेला मुलगी मानून, तिला मोकळे करणारे पत्र लिहून ठेवतात आणि स्वतःचे जीवन संपवितात. पडदा काळा झाल्यावर कन्या म्हणाली, “बाबा, हा माणूस इतका वाईट वागला, मग मला वाईट का वाटतंय?” मी उत्तर जुळवीत होतो, तोच पत्नी म्हणाली, “वाईट वाटू दे, पण त्याला माफ नको करूस. जिनं सोसलं ती बाजूलाच राहते आणि दया यालाच मिळते, असं व्हायला नको.”

मला दोघींचेही म्हणणे पटले, आणि केशवरावांच्या अभिनयाचे मर्मही तेथेच सापडले असे वाटते. त्यांचे काकासाहेब क्षमा मागत प्रेक्षकाच्या पाया पडत नाहीत. नीरेने केलेला आरोप ते अखेरीस स्वतःच मान्य करतात. बाहेरून दिलेला दोष माणूस परतवून लावतो. आतून उमटलेला परतवता येत नाही. जो नट हा आतला निवाडा चेहऱ्यावर आणतो, तो गुन्हेगाराची वकिली करीत नाही, उलट नीरेचीच बाजू बळकट करतो.

काकासाहेबांचा अपराध त्यांचे वय हा आहे, असे विशीत मला वाटले होते. या खेपेस वाटले की वय हा अपराधाचा अर्धाच भाग. त्या मुलीला कोणी विचारलेच नाही, हा उरलेला अर्धा. मामाने विचारले नाही आणि कायदा जाणणाऱ्या वकिलानेही नाही. आणि येथे मी जरा अस्वस्थ झालो. त्याच आठवड्यात नंदुरबारकडून कन्येसाठी एक स्थळ आले होते. मुलगा सुशिक्षित, घराणे चांगले. परमुलखात आपल्या भाषेतले स्थळ चालून आले याच्याच आनंदात मी ‘अवश्य या’ असे कळवून टाकले होते. तिला सांगितले ते नंतर, आणि तेही पाहुण्यांसाठी पोहे करायचे आहेत एवढ्याच ओघात. बाला-जरठ विवाह गेले. पण न विचारण्याची सवय आमच्यासारख्या सुशिक्षित घरांतही शिल्लक आहे.

दुसऱ्या दिवशी मी तिला विचारले. ती म्हणाली, “बाबा, परीक्षा होऊ द्या. मग मीच सांगेन.” मी नंदुरबारला दूरध्वनी करून तसे कळविले. मंडळी समजूतदार निघाली.

केशवराव पुढेही दीर्घकाळ काम करीत राहिले. १९४१ च्या ‘शेजारी’त गजानन जागीरदारांच्या मिर्झासमोर ते जिवबा झाले आणि दोन धर्मांच्या दोन म्हाताऱ्यांची मैत्री मराठी माणसाच्या मनात घर करून राहिली. ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’त ते डॉक्टरांचे वडील होते. ‘झनक झनक पायल बाजे’त नृत्याचे गुरू. १३ सप्टेंबर १९७१ रोजी त्यांचे निधन झाले.

त्यांनी रंगमंचावर जे केले ते त्या त्या रात्रीबरोबर विरून गेले. नाटकाच्या नटाचे ते प्राक्तनच असते. परंतु ‘कुंकू’ शिल्लक आहे. घरी उपवर मुलगी असेल तर तो तिच्यासोबत बसून पाहावा, आणि संपल्यावर ती काय म्हणते ते आधी ऐकावे.