आमचें जुनें बेदर

दिवाळीनंतर घरांतील वडील मंडळींस घेऊन जातां येईल, फार खर्चाचें नसेल आणि मुलांना चार गोष्टी शिकवील असें एखादें जुनें शहर सुचवावें, असें एका वाचक भगिनींनीं पत्रानें विचारलें आहे. अशा वेळीं लोक काशीचें नांव घेतात. हल्लीं जयपूर-उदेपूरचेंही घेतात. मी बेदरचें घेणार आहें. तें आज कर्नाटकांत आहे हें खरें, पण आम्हां चाकूरकरांस तें परकें वाटत नाहीं. अहमदपूर, उदगीर व निलंगा हे तालुके १९५६ च्या राज्यपुनर्रचनेपर्यंत बेदर जिल्ह्यांतच होते. माझ्या वडिलांच्या पिढीनें ‘जिल्ह्याला जाऊन येतों’ म्हटलें म्हणजे तें बेदरलाच असे. पुढें आम्ही उस्मानाबादेकडे गेलों, १९८२ सालीं लातूर जिल्हा झाला, आणि घरच्या मुलांना बेदर म्हणजे रेल्वेच्या पाटीवरचें एक नांव तेवढें उरलें.

मीं हें नांव लहानपणीं दोन प्रकारांनीं ऐकलें. एक कीर्तनांत. मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांनीं दुष्काळांत सरकारी कोठारें उपाशी रयतेस मोकळीं केलीं, बेदरच्या बादशहानें त्यांना धरून आणण्यास शिपाई पाठविले, आणि पंत पोंचण्यापूर्वींच विठू महाराच्या रूपानें पांडुरंगानें दरबारांत धान्याचें मोल भरून पावती घेतली, ही कथा आपल्यांत कोणीं ऐकलेली नाहीं? इतिहास म्हणून तिची चिकित्सा करूं नये. पण बरोबर मुलें असल्यास आदल्या रात्रीं ती अवश्य सांगावी. म्हणजे किल्ल्यांतल्या ओसाड महालांत शिरतांना तीं आपोआप गप्प होतात. आमच्या नातवानें तर तेथील पहारेकऱ्याला ‘ती पावती कोठें ठेवली आहे?’ असेंच विचारलें.

दुसरी ओळख कडवट. माझे वडील व थोरले काका यांचा आठ एकर जमिनीवरून बेदरच्या कोर्टांत दावा चालला होता. काकांनीं कोऱ्या कागदावर आपली सही घेतली व मागाहून वर मजकूर भरला, असें वडील अखेरपर्यंत सांगत. तालुका दुसऱ्या जिल्ह्यांत गेल्यावर पंचांनीं जमीन वांटून दिली व दावा मिटला. पण वाड्याच्या मधोमध जी भिंत आली ती तशीच राहिली. काकांचे चिरंजीव अण्णा माझ्याहून सहा वर्षांनीं वडील. लग्नमुंजींत गांठ पडे, त्यापलीकडे बोलणें नसे. गेल्या मार्गशीर्षांत ते एके दिवशीं आमच्या ओटीवर येऊन म्हणाले, ‘अरे, गुडघे चालतात तोंवर एकदां बेदर पाहून येऊं.’ पस्तीस वर्षें मीं मुलांना बहामनी राज्य शिकविलें होतें, पण पाऊल तिकडे टाकलें नव्हतें. मी हो म्हटलें.

लातूर रोड जंक्शन आमच्याच तालुक्यांत आहे. तेथून गाडी उदगीर, कमालनगर, भालकी करीत बेदरला जाते. गाड्यांच्या वेळा बदलत असतात, त्या आधीं विचारून घ्याव्या. वाटेंत सवड असल्यास उदगीरचा किल्ला पाहावा. १७६० च्या फेब्रुवारींत सदाशिवरावभाऊंनीं निजामास येथें वांकविलें, आणि पुढच्याच जानेवारींत पानिपत झालें. विजयाचा गुलाल किती दिवस टिकतो तें मुलांना उदगिराइतकें दुसरें कोणतेंच गांव शिकवीत नाहीं. भालकी येईतों डब्यांत मराठी, कानडी व उर्दू अशा एकाच माणसाच्या तोंडून ऐकूं येऊं लागतात. कानडी येत नाहीं म्हणून कोणी अडत नाहीं.

कार्तिक ते माघ हा काळ उत्तम. शहर दोन हजार फुटांहून उंच पठारावर वसलेलें आहे, तेव्हां पहाटे शाल लागते. आमच्या काळ्या रानांतून गेलेल्या माणसाचे डोळे प्रथम तेथील जांभ्या दगडाच्या तांबड्या मातीवरच ठरतात. बेदर म्हणजेच जुना विदर्भ, नळ-दमयंतीचें सासर-माहेर येथलेंच, असें कोणी तुम्हांला सांगेल. जुन्या फारसी बखरकारांनींही तें लिहून ठेवलें आहे. नादसाम्यावरून भूगोल ठरवूं नये, असें मला माझ्या शास्त्रीबोवांनीं शिकविलें होतें. कानडींत बांबूला ‘बिदिरु’ म्हणतात, ती व्युत्पत्ति मला जवळची वाटते. पण यावर तेथें वाद घालूं नये. चहा थंड होतो.

मुक्काम एक रात्र तरी करावा. पहिल्या सकाळीं किल्ला. अहमदशहा वली बहामनी यानें पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकांत राजधानी गुलबर्ग्याहून येथें आणली व हा किल्ला बांधून काढला. दक्षिणेकडचा खंदक मुद्दाम थांबून पाहावा: एक नव्हे, एकापुढें एक असे तीन, आणि ते बांधलेले नसून खडकांतच कोरून मधें भिंती राखलेल्या आहेत. आंत सोळाखांबी मशीद आहे, १४२३-२४ ची. खांब सोळाहून कितीतरी अधिक आहेत. नातवानें मोजावयास घेतले व मधेंच सोडून दिले. तख्तमहाल, गगनमहाल यांचे आतां सांगाडेच उरले आहेत. रंगीन महाल मात्र चुकवूं नये. तो पुष्कळदां कुलुपांत असतो, म्हणून दारांतच पुराणवस्तुखात्याच्या माणसांस विचारावें. काळ्या दगडांत शिंपल्याचे तुकडे बसवून केलेल्या वेली व अक्षरें, आणि कोरीव लांकडी खांब, हें काम सोळाव्या शतकांतील अली बरीदशहाच्या वेळचें. आमच्या सौभाग्यवती त्या भिंतीपुढें बराच वेळ उभ्या होत्या. ‘पैठणीचा पदर दगडावर उतरविला आहे,’ असें त्या म्हणाल्या. यांत मला भर घालतां येणार नाहीं.

याच किल्ल्यांतली माती बिदरी कामाला लागते. जस्त व तांबें यांच्या मिश्रणाचें भांडें ओतून त्यावर नक्षी कोरतात, कोरलेल्या जागीं चांदी ठोकून बसवितात, आणि शेवटीं ही जुनी माती व नवसागर घातलेल्या ऊन पाण्याचा हात देतात. धातु काळाकुट्ट होतो, चांदी मात्र पांढरीच राहते. कारागीर माती जिभेवर ठेवून पारखतो. शहरांत कारखाने आहेत. मुलांना अर्धा तास तेथें बसवावें. घ्यावयाचें तर लहानसें कुंकवाचें करंडें घ्यावें, आणि किमतीची घासाघीस बेतानें करावी. त्या कामाला डोळे जातात.

दुपारीं अष्टूर. शहराच्या पूर्वेस थोड्या अंतरावर बहामनी सुलतानांचीं थडगीं ओळीनें उभीं आहेत. त्यांत हुमायूनशहाचा घुमट विजेनें दुभंगून अर्धा पडला आहे. या सुलतानास त्याच्याच प्रजेनें ‘जालीम’ म्हटलें, तेव्हां विजेचा अर्थ लोकांनीं काय लावला असेल तें सांगावयास नकोच. अहमदशहाची कबर आंतून अंधारी. तेथील वृद्धानें दारांत आरसा धरून उन्हाची तिरीप आंत सोडली, तेव्हां छतावरचा सोन्याचा व हिंगुळी रंग एकदम जागा झाला. याचा उरूस हिंदु पंचांगाप्रमाणें भरतो व त्यांत लिंगायत जंगमांचा मान असतो. कित्येक भाविक या सुलतानास अल्लमप्रभूच मानतात. पाठ्यपुस्तकांत हें कोठेंच नव्हतें, आणि असतें तरी मीं तें भरभर वाचून पुढें गेलों असतों.

दुसरे दिवशीं सकाळीं झरणी नृसिंह व नानक झिरा. नृसिंहाचें दर्शन डोंगराच्या बोगद्यांत छातीइतक्या पाण्यांतून चालत जाऊन घ्यावें लागतें, वर वटवाघळें असतात. ज्यांचें तें कुलदैवत आहे ते जातातच. पण दम्याच्या व हृद्रोगाच्या माणसांनीं बाहेरून हात जोडावे, देव रागावत नाहीं. लहान मुलास खांद्यावर घेणारा कोणी धडधाकट तरुण बरोबर असावा. नानक झिऱ्याला खडकांतून गोड्या पाण्याचा झरा वाहतो. गुरु नानकांच्या कृपेनें तो लागला अशी श्रद्धा आहे. शीखांच्या पंचप्याऱ्यांपैकीं भाई साहिबसिंग हे बेदरचेच. लंगरांत पंगतीला बसावें. आमच्या मातुःश्री असत्या तर सोवळ्याचा प्रश्न निघाला असता. पण त्यांनींही ती डाळ नांवाजली असती, असा माझा भरंवसा आहे.

महमूद गावानचा मदरसा लोक वाटेंत लागतो म्हणून आधीं उरकतात. तो शेवटीं पाहावा, घाई न करतां. गावान हा इराणांतील गिलानचा. व्यापारी म्हणून आला आणि बहामनी राज्याचा वजीर झाला. त्याच्याच अमदानींत निकितिन नांवाचा रशियन प्रवासी बेदरला येऊन गेला व त्यानें शहराचें वर्णन लिहून ठेवलें. १४७२ सालीं गावाननें ही तीन मजली पाठशाळा बांधली. आंत हजारों पोथ्यांचा संग्रह होता असें सांगतात. पुढें मोंगलांच्या काळीं तींत दारूगोळा सांठविला, त्याचा १६९६ च्या सुमारास भडका उडाला, आणि अर्धी इमारत व एक मनोरा गेला. उरलेल्या मनोऱ्यावर निळ्या-हिरव्या कौलांचे तुकडे अजून चिकटून आहेत. विद्यार्थ्यांच्या खोल्यांपुढें उभा राहिलों तेव्हां मला माझ्या शाळेची पत्र्याची पडवी आठवली, आणि थोडा हेवाही वाटला.

गावानचा शेवट सर्वांस ठाऊक आहे. शत्रूंनीं त्याच्या शिक्क्याचा कोरा कागद मिळविला, त्यावर ओरिसाच्या राजास फितुरीचें पत्र लिहिलें, आणि तें मद्यधुंद सुलतानापुढें ठेवलें. ५ एप्रिल १४८१ ला सत्तरी उलटलेल्या त्या माणसाचें मस्तक उडविलें गेलें. वर्षभरांत सुलतानही गेला, आणि पुढें त्या राज्याच्या पांच चिरफळ्या झाल्या. ही गोष्ट वर्गांत सांगतांना माझा आवाज दरवर्षीं चढत असे. कोऱ्या कागदाचा दगा म्हणजे काय, तें मला घरांतूनच ठाऊक होतें ना! मुलांना वाटे, मास्तर बहामनी इतिहासानें भारावले आहेत.

मदरशाच्या आवारांत कट्ट्यावर बसून मीं हीच गोष्ट अण्णांस सांगूं लागलों. त्यांनीं ती पुरी होऊं दिली. मग पिशवींतून एक जपून घडी केलेला कागद काढून माझ्या हातांत दिला. वरचा मजकूर उर्दू. तो मला वाचतां येईना. खालीं मात्र मोडींत दोन ओळी होत्या. मोडी मला वडिलांनींच शिकविली. हात त्यांचा होता, याविषयीं मला एक क्षणही शंका आली नाहीं: सातशें रुपये अक्षरीं लिहिलेले, ते पावल्याची कबुली, आणि ‘वरील मजकूर वाचवून घेतला, समजलों.’ खालीं सही.

कागद कोरा नव्हता.

‘काका असेपर्यंत दाखवूं नको, असें आमच्या वडिलांनीं बजावलें होतें,’ अण्णा म्हणाले.

‘आणि ते गेल्यावर?’

‘मग तूं गांवांत काकांची पुण्यतिथि घालूं लागलास. मला धीर झाला नाहीं.’

वडिलांनीं असें कां केलें असेल, हें मी त्या दिवसापासून पुष्कळदां स्वतःला विचारलें आहे. सातशें रुपये कशांत गेले, तेंही आतां सांगणारें कोणी उरलेलें नाहीं. हें छापावें कीं नाहीं याचाही मीं विचार केला. पण भिंतीपलीकडच्या घराला आमच्या घरानें सत्तर वर्षें जें नांव ठेविलें तें माझ्या तोंडूनही गांवांत गेलें आहे. तें परत घ्यावयाचें तर तेंही चारचौघांतच घ्यावयास हवें. त्या कट्ट्यावर मात्र मला कांहीं बोलतां आलें नाहीं. अण्णांनींही कांहीं विचारलें नाहीं. ते मनोऱ्यावरचीं कौलें पाहत बसले.

अण्णा म्हणाले, ‘कागद आतां तुझ्यापाशीं राहूं दे.’ मीं तो परत केला, मग पुन्हां मागून घेतला. तेवढ्यांत नातू खोल्या पाहून धांवत आला व माझ्या हातांत डोकावून म्हणाला, ‘आजोबा, सांपडली का दामाजीपंतांची पावती?’

गाडीला अजून दोन तास होते. दोघी जावांनीं फडकें पसरून दशम्या सोडल्या, आणि आम्ही सगळे सांवलीला बसलों.