गळाला लागलेला राग

‘रेज बेट’ हा ऑक्सफर्डचा २०२५चा वर्षशब्द. रेज म्हणजे संताप, बेट म्हणजे गळाला लावलेलं आमिष. इंटरनेटवर तो २००२मध्ये आला, तोही रस्त्यावरच्या रागासाठी: मागच्याने डिपर मारला की पुढच्याचं डोकं फिरतं. आम्हा रसायनीकरांना एक्स्प्रेसवेवर हे नवं नाही.

‘काडी लावणं’ आपल्याकडे होतंच. पण काडी लावणाऱ्याला तेव्हा फक्त मजा मिळायची. आता व्ह्यूज मिळतात आणि व्ह्यूजचे पैसे. मी सॉफ्टवेअर लिहितो, म्हणून सांगतो: मोजणाऱ्या कोडला शिवी काय, शाबासकी काय, दोन्ही कमेंटच. २०१७मध्ये फेसबुकने तर रागाच्या इमोजीला लाइकच्या पाचपट वजन दिलं होतं.

मराठीला हिणवणारं रील शिव्या घालत शेअर केलंत, की मराठी वाचत नाही. रीलवाल्याचं दुकान चालतं. भाषेसाठी राग हवाच. तो बँकेत मराठी फॉर्म मागताना वापरा.