हौद्यातली हौस आणि साखळीतला हत्ती

सुट्टी लागली की वर्तकनगरच्या म्हाडा वसाहतीतून, ठाण्यातील इतर वस्त्यांतून कुटुंबे सहलीला निघतात. पूर्वी फार तर माथेरानपर्यंत जाणारा आपला माणूस आता जयपूरला, केरळला जातो. याचा आम्हाला आनंदच आहे. परंतु आमेर किल्ल्यावर हत्तीच्या पाठीवर बसून फोटो काढताना, हा हत्ती येथे आला कसा, हा प्रश्न किती जणांना पडतो?

हत्ती हा गाय-बैलासारखा पिढ्यान्‌पिढ्या माणसाने पाळून घडविलेला प्राणी नव्हे. बंदिवासात त्याची पैदास फार कमी होते. म्हणून पिल्लाला जंगलातून, आईपासून तोडून आणण्याची रीत पडली. त्याला साखळदंडाने जखडायचे, अंकुशाने टोचायचे आणि त्याचा प्रतिकार संपला की तो ‘माणसाळला’ म्हणायचे! पुढे आयुष्यभर डांबरावर, फरशीवर चालून पाय सडतात, सांधे निकामी होतात. आमेरलाच २०२४ साली एका हत्तिणीने रशियन पर्यटक महिलेला सोंडेने आपटले. अशा वेळी दोष मात्र प्राण्याच्या माथी मारला जातो.

हे दूर राजस्थानातले आहे, असेही कोणी समजू नये. लग्नाच्या वराती आणि रस्त्यावरची भीक यांत जिचे आयुष्य गेले ती ‘बिजली’ हत्तीण ३० जून २०१३ रोजी आपल्या वेशीवरच्या मुलुंडमध्ये मरण पावली. ती कोसळल्यावर हळहळणारे पुष्कळ होते. ती चालत होती तेव्हा तिच्यासमोर नाणी टाकणारेही आपणच होतो.

प्राणिमात्रांविषयी दया बाळगणे हे संविधानाच्या अनुच्छेद ५१(क) ने नागरिकाचे कर्तव्य ठरविले आहे. पोटासाठी नांगराला बैल जुंपणे आणि केवळ मौजेसाठी प्राण्याला राबविणे यांत फरक आहे. मुंबई उच्च न्यायालयाने जून २०१५ मध्ये मौजेच्या व्हिक्टोरिया घोडागाड्या बेकायदा ठरविल्या, त्या याच विचाराने.

परंतु प्रश्न येथेच संपत नाही. हौद्यात बसतो तो पैसेवाला, नफा घेतो तो मालक. अंकुश हाती असतो तो माहूत मात्र अनेकदा पगारी नोकर, हत्तीइतकाच बांधलेला. सवारी बंद करून त्याला वाऱ्यावर सोडले तर तो न्याय कसला? व्हिक्टोरिया बंद झाल्या, कोचमनांचे पुनर्वसन मात्र वर्षानुवर्षे रखडले.

दुसरा मार्गही आहे. माणसाने माणसाला ओढायची माथेरानची हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या पीठाने ६ ऑगस्ट २०२५ रोजी दिला. त्याच आदेशात रिक्षा ओढणाऱ्यांना ई-रिक्षा देऊन त्यांचे पुनर्वसन करण्यास शासनाला बजावले आणि पैसे नाहीत ही सबब चालणार नाही, असेही सांगितले. प्रतिष्ठा आणि भाकरी यांचा विचार एकत्र झाला पाहिजे, तो असा.

हत्तींच्या बाबतीतही हेच व्हावे. सवारीसाठी नवा हत्ती आणू नये. आहेत त्यांना निवारा मिळावा आणि त्यांची निगा राखण्याचे पगारी काम माहुतालाच मिळावे. शासन हे करील तेव्हा करील. सवारीचे तिकीट न घेणे तर आजच आपल्या हाती आहे. दुसऱ्याच्या पाठीवर बसून मिरविण्याची हौस कोणाची आणि तिचा भार कोणाच्या पाठीवर, हे आपल्याला कोणी शिकवावे लागू नये.