विश्लेषण : धावपट्टी समोर दिसत असताना विमान पुन्हा वर का जाते?

वळवाचे दिवस. कोल्हापूरचे विमान उजळाईवाडीच्या धावपट्टीजवळ आलेले असते, चाके खाली असतात आणि अचानक इंजिनांचा आवाज वाढून ते पुन्हा वर जाते. कधी घिरट्या घालून उतरते, कधी दुसऱ्या विमानतळाकडे वळते. कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत बैठकीला निघालेला प्रवासी घड्याळ बघतो आणि म्हणतो, ‘पायलटला जमलं नाही.’ हा समज चुकीचा आहे आणि धोकादायकही.

जोराच्या वाऱ्यात अडचण नेमकी काय?

विमानाला उचलून धरतो तो त्याचा हवेच्या तुलनेतील वेग. त्यामुळे समोरून येणारा स्थिर वारा मदतच करतो. अडचण असते ती झोताची. ताशी ४० किमीचा समोरचा वारा दोन-तीन सेकंदांत १० किमीवर आला, तर विमानाचा हवेतील वेग तेवढ्याच वेळात ३० किमीने घटतो आणि ते खाली बसू लागते. ३० हजार फुटांवर सावरायला जागा असते, ३०० फुटांवर नसते.

म्हणून झोताच्या वाऱ्यात वैमानिक थोडा जास्त वेग ठेवतो. पण वेग १० टक्के वाढला, की ब्रेकना जिरवावी लागणारी ऊर्जा २१ टक्के वाढते. मुंबईच्या मुख्य धावपट्टीपेक्षा बऱ्याच आखूड असलेल्या कोल्हापूरच्या धावपट्टीवर ही चैन मर्यादितच परवडते.

पावसाळा अवघड की वळीव?

कोल्हापूरची धावपट्टी साधारण पूर्व-ईशान्य ते पश्चिम-नैऋत्य अशी आहे. मान्सूनचा वारा पश्चिम-नैऋत्येकडूनच येतो. त्यामुळे पूर्वेकडून उतरणाऱ्या विमानाला तो बराचसा समोरून मिळतो. नैऋत्येचा ताशी ४० किमीचा वारा असेल, तर आडवा भाग साधारण १७ किमीचाच भरतो. पावसाळ्यात त्रास होतो तो मुख्यतः खाली आलेल्या ढगांचा आणि कमी दिसण्याचा.

वळवाचे तसे नसते. ढगातून कोसळणारी थंड हवा जमिनीवर आपटून चारी बाजूंना पसरते. आधी धूळ, मग पाऊस आणि शिवारात आडवा झालेला ऊस, हा क्रम कागलच्या शेतकऱ्याला सांगावा लागत नाही. तोच वारा काही मिनिटांत दिशा बदलतो. १३ मे २०२४ रोजी मुंबईत असेच धुळीचे वादळ आले. घाटकोपरला महाकाय फलक कोसळला, त्याच दुपारी मुंबई विमानतळाचे कामकाज तासाभराहून अधिक थांबले आणि १५ विमाने अन्यत्र वळवावी लागली.

विमान तिरके का येते, आपटते का?

पुरात नाव पलीकडे न्यायची, तर नावाडी तिचे तोंड प्रवाहाकडे ठेवतो. आडव्या वाऱ्यात वैमानिकही विमानाचे नाक वाऱ्याकडे वळवतो. खिडकीतून धावपट्टी भलत्याच बाजूला दिसते, पण विमान सरळ तिच्याच रेषेत येत असते. टेकण्याआधी काही क्षण शेपटीच्या सुकाणूने नाक सरळ केले जाते. ओल्या धावपट्टीवर चाके जरा जोरात टेकवणे हेही योग्यच. पाण्याचा थर फुटतो आणि ब्रेक लवकर पकडतात. अलगद उतरले म्हणजेच चांगले उतरले, असे नाही.

मग परत वर कधी जायचे?

ढगाळ हवेत साधारण १,००० फुटांवर आणि स्वच्छ हवेत ५०० फुटांवर विमानाचा वेग, उतरण्याचा दर आणि दिशा ठरलेल्या मर्यादेत हवी. नसेल, तर वर जायचे. त्यानंतरही झोताने घडी विस्कटली, तरी वरच जायचे.

हे न झाल्याची किंमत ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला मोजावी लागली. एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान पावसात एकदा वर गेले. दुसऱ्या प्रयत्नात वारा पाठीमागून होता. २,७०० मीटरच्या धावपट्टीवर ते जवळपास निम्म्यात टेकले आणि पुढे दरीत कोसळले. मूळचे हवाई दलातील अनुभवी मराठी वैमानिक कॅप्टन दीपक साठे आणि त्यांचे सहवैमानिक यांच्यासह २१ जणांचा जीव गेला. घडी बसलेली नसताना उतरण्याचा प्रयत्न चालू ठेवला आणि सहवैमानिकाने सांगूनही विमान वर नेले नाही, असे तपास अहवाल म्हणतो. पण तो तिथेच थांबत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळचे उड्डाण गाठण्याची ओढ आणि त्या तळावर कंपनीचे कॅप्टन पुरेसे नसणे, यांकडेही तो बोट दाखवतो.

मुद्दा इथे आहे. ‘आज पोहोचलेच पाहिजे’ हे दडपण केबिनच्या दाराबाहेर तयार होते. ते वेळापत्रकातून येते, मनुष्यबळाच्या टंचाईतून येते आणि प्रवाशांच्या संतापातूनही.

कोणी काय करावे?

कंपन्यांनी विमान वर नेणाऱ्या वैमानिकाला जाब विचारू नये. वळवलेल्या प्रवाशांना मात्र कारण, पुढची वेळ आणि पर्यायी सोय लगेच सांगावी. माहिती मिळाली नाही, तर राग नको त्या माणसावर निघतो. प्रवाशांनी वळवाच्या दिवसांत सायंकाळच्या विमानावर महत्त्वाचे काम टेकवू नये आणि उतरताना पट्टा घट्ट ठेवावा. १ मे २०२२ रोजी मुंबईहून दुर्गापूरला जाणारे विमान उतरताना वादळी हवेत असे हादरले, की डझनाहून अधिक जण जखमी झाले.

परत वर गेलेल्या विमानाला उशीर होतो. तो सोसण्यासारखा आहे.